ब्रॅकेटच्या भोवतीचा दात

माझ्या मावसबहिणीच्या ब्रेसेस निघाल्या तेव्हा तिचे दात एका रेषेत आले होते, पण वरच्या पुढच्या दातांवर पांढऱ्या चौकटी उमटल्या होत्या. ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, चिकटवलं होतं तेवढी जागा दाताच्या मूळ रंगाची आणि तिच्याभोवती निस्तेज पांढरी कड. चिकटवायचा मसाला राहिला असेल, घासला की निघेल, असं घरात सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते तिचं स्वतःचंच एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण होतं, आतलं खनिज निघून गेल्यामुळे पांढरं पडलेलं. अजूनही फोटो काढायचा म्हटलं की ती ओठ मिटून घेते.

त्यामुळे माझे सुळे रांगेत आणायचं ठरलं तेव्हा खर्च किती, दिवस किती हे मी नंतर विचारलं. आधी विचारलं, तसे डाग पडू नयेत म्हणून काय करावं लागेल.

डॉक्टर मॅडमचा दवाखाना सोलापुरात, रेल्वे लाइन्स भागात. त्यांनी बहिणीची गोष्ट नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मग तारा लावायची घाई करू नकोस. आधी तोंड तयार करू." पहिल्या भेटीत स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण काढणं झालं, एका दाढेत कीड सुरू होती ती भरली. मग त्यांनी एक गुलाबी गोळी चावायला दिली. ती तोंडभर फिरवून चूळ भरली आणि आरशात पाहिलं, तर दातांवर जिथे जिथे प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर होता, तिथे गडद रंग बसलेला. हिरडीच्या कडेला सलग रेघ, शेवटच्या दाढांच्या मागे ठिपके. कुठे ब्रश पोचत नाही हे सांगून कळलं नसतं, ते रंगाने दाखवलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तीच गोळी, पुन्हा आरसा. रेघ गेल्याचं पाहिलं तेव्हाच त्यांनी ब्रॅकेट लावायची तारीख दिली. हिरड्या सुजलेल्या आणि दातांवर थर असताना तारा लावून द्यायला कुणी तयार असेल, तर त्यांना कारण विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रॅकेट लावायच्या दिवशी दात पॉलिश करून कोरडे केले आणि त्यांवर निळी जेल लावली. त्या जेलमध्ये सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल असतं हे मी वाचून गेले होते, त्यामुळे छातीत धडधड होतीच. मॅडमनी काम करता करताच समजावलं. गवंडी गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करण्याआधी टाचे मारून घेतो, तसंच हे. जेल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात, तेवढ्यात एनॅमलवर डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं पडतात, त्यांत पातळ रेझिन, म्हणजे चिकटवायचा द्रव शिरतो आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होतो. अमेरिकेतल्या मायकल बुओनोकोर या दंतवैद्याने १९५५ साली ही पद्धत मांडली. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक आम्ल लावत, त्यावरून त्यांना ते सुचलं. त्याआधी ब्रेसेससाठी दातादाताला धातूचं कडं बसवावं लागायचं. ब्रॅकेटच्या बाहेर जिथे जेल लागते, ती जागा लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे हळूहळू पुन्हा भरून येते. म्हणजे बहिणीच्या पांढऱ्या चौकटींना हे अर्ध्या मिनिटाचं आम्ल जबाबदार नव्हतं. ते आम्ल रोज तिच्या तोंडातच तयार होत होतं.

हा भाग मला नीट समजून घ्यायचा होता. एनॅमल आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर सांधतं, कातडी खरचटली तर भरते, एनॅमलचा तुकडा गेला तर शरीर तो पुन्हा बनवत नाही. प्लाकमधले जंतू आपण खाल्लेली साखर आणि पिष्ट पचवतात आणि आम्ल सोडतात. दातालगतचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. मग लाळ ते आम्ल निवळते आणि खनिज थोडंथोडं परत बसवते. ही देवाणघेवाण प्रत्येकाच्या तोंडात दिवसभर चालू असते. ब्रॅकेट आलं की थर साचायला आडोसा मिळतो, जीभ आणि गाल तिथे पुसू शकत नाहीत, लाळ कमी पोचते आणि हिशेब तोट्यात जातो. वरचा पापुद्रा शाबूत राहतो, त्याखालचं खनिज कमी होऊन तिथे पोकळ्या पडतात आणि प्रकाश त्यातून वेगळा परतल्यामुळे तो भाग पांढरा दिसतो. थर तसाच राहू दिला तर असा डाग दिसायला चार आठवडेही पुरतात. दोन तपासण्यांच्या मधला काळ तेवढाच असतो.

वरच्या मधल्या दोन दातांच्या आणि सुळ्यांच्या मध्ये जे छोटे दात असतात, त्यांच्यावर हे डाग सर्वांत जास्त पडतात. दात लहान, त्यामुळे ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामध्ये अगदी अरुंद पट्टी उरते, आणि वरच्या पुढच्या भागात लाळेचा वावरही कमी. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून ते दात सतत ओले राहतात. तिथे डाग कमी पडतात, किटण मात्र लवकर धरतं. बहिणीचे सगळ्यात ठळक डाग त्या छोट्या दातांवरच आहेत. त्या दिवसापासून आरशात मी आधी ते दोन दात बघायला लागले.

ब्रश करायची माझी पद्धत पार बदलली. मधल्या ओळीतले केस आखूड असलेला मऊ ब्रश मिळतो, तो घेतला. आधी ब्रॅकेटच्या वर, हिरडीकडे तिरका धरून. मग ब्रॅकेटच्या खालून, वरच्या दिशेने तिरका. मग समोरून. त्यानंतर बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी चिमुकलं रूप असतं तो इंटरडेंटल ब्रश तारेखालून घालून प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही बाजू. रात्री याला सकाळपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यायचा, कारण झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि रात्रीचा उरलेला कण सकाळपर्यंत तिथेच काम करत बसतो. सकाळी घाईत एखादी बाजू राहिली तर दिवसभर लाळ तरी सोबत असते, रात्री ती नसते.

आजीचा या सगळ्यावर राग. "एवढं काय कोरतीस गं? आम्ही राखुंडीनं घासलं, ऐंशी वर्षं दात टिकले की." तिच्या दातांची कड मात्र झिजून पिवळी झालेली आहे. राखुंडीचे खरखरीत कण एनॅमल घासतात, ते झिजलं की आतला पिवळा थर दिसू लागतो. मॅडमनी पांढरेशुभ्र करणाऱ्या, कोळशाच्या पेस्टही याच कारणासाठी बंद करायला सांगितल्या. आणखी एका गोष्टीवर घरात वाद झाला. पेस्टने घासल्यावर फेस थुंकायचा, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही. दातांवर फ्लोराइडचा थोडा अंश राहिला पाहिजे. आपल्याकडे चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्याचं समाधानच मिळत नाही. मी आता चूळ आधी भरते, जेवणाचे कण काढून टाकते, मग घासते, मग फक्त थुंकते. आईला हे आधी किळसवाणं वाटलं. ती आता स्वतः तसंच करते.

फ्लोराइडचं नाव काढलं की माझ्या कारखान्यातली एक मैत्रीण दचकते. ती नांदेड जिल्ह्यात किनवटकडची. तिच्या गावात बोअरच्या पाण्यामुळे कितीतरी जणांचे दात तपकिरी, खवले पडल्यासारखे झाले आहेत. यवतमाळ, नांदेड भागात ही अडचण जुनी आहे, त्यामुळे तिची भीती खोटी म्हणता येत नाही. मी तिचा प्रश्न तसाच मॅडमकडे नेला. त्यांनी सांगितलं की ते डाग पडतात लहानपणी, हिरडीच्या आत दात घडत असताना पोटात जास्त फ्लोराइड गेल्यामुळे, साधारण आठ वर्षांच्या आत. मोठ्या माणसाचं एनॅमल घडून झालेलं असतं. त्याला पेस्टमधलं फ्लोराइड वरून लागतं आणि खनिज परत बसताना त्यात मिसळतं, त्यामुळे ती जागा आम्लाला जास्त दाद देत नाही. फ्लोराइड मिसळलेलं खनिज विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. पेस्ट गिळायची मात्र नाही, आणि लहान मुलांना ती अगदी थोडी द्यायची. आपल्याकडे पेस्टमधल्या फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) आहे आणि किती आहे ते ट्यूबवर छापलेलं असतं. मी घरातली ट्यूब उलटून पाहिली, त्यावर फ्लोराइडचा उल्लेखच नव्हता. कितीतरी आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतं. ब्रेसेस असताना तेवढं एक वाचून घेतलंच पाहिजे.

शिवाय मॅडम दर काही महिन्यांनी ब्रॅकेटभोवती फ्लोराइड वार्निश लावायच्या. पिवळसर, चिकट, थोडं राळेच्या वासाचं. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे पेस्टच्या वीसपट. त्या दिवशी काही तास कडक आणि गरम खायचं नाही, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. जीभ सारखी तिकडे जाते, पण हरकत नाही.

आता खाण्याचं. सोलापूरकराला तारा लावल्यावर पहिला प्रश्न पडतो कडक भाकरीचा. ती कुरकुरीत मोडून दाताखाली घेतली की ब्रॅकेट सुटणार हे नक्की. पण आमटीत कुस्करून, भिजवून खायची पद्धत आपल्याकडे आहेच, त्यामुळे माझी भाकरी सुटली नाही. शेंगाचटणी मात्र अवघड. दाण्याचा तो तेलकट कूट तारेखाली जाऊन बसतो आणि चूळ भरून हलत नाही. मी ती दह्यात कालवून जेवणासोबतच घेते, मधल्या वेळी भाकरीच्या तुकड्यावर टाकून नाही. हुरड्याच्या दिवसांतही तेच, शेतावर जाताना पर्समध्ये इंटरडेंटल ब्रश. गड्ड्याच्या यात्रेतली चिक्की आणि संक्रांतीचे कडक तिळाचे लाडू मी पूर्ण बंद ठेवले, तीळगूळ घेतला तो मऊ वडीचा. ऊस दाताने सोलायचा प्रश्नच नव्हता. हळदीने ब्रॅकेटवरची रबरं पहिल्या दोन जेवणांतच पिवळी पडतात, त्याने मुली फार नाराज होतात, पण ती रबरं पुढच्या भेटीत बदलली जातात. त्याचं मनावर घेऊ नये.

ब्रॅकेट सुटलं तर ते तारेला लटकत राहतं, दुखत नाही, म्हणून लोक पुढच्या तारखेपर्यंत थांबतात. अर्धवट सुटलेल्या ब्रॅकेटखाली फट तयार होते आणि तिथे ब्रश जाऊच शकत नाही. माझ्या दाढेवरचं एक सैल झालं तेव्हा मी फोन करून त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेले.

पण कडक आणि चिकट खाण्यापेक्षाही मला झगडावं लागलं ते चहाशी. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. तिथे चहा हा कामाचाच भाग. सकाळी आल्यावर, माल भरायची गाडी लागली की, दुपारी, पाच वाजता, कुणी व्यापारी आला तर त्याच्यासोबत आणखी एक. प्रत्येक कप छोटा, पण साखर पुरेपूर. मॅडमनी इथे मला कागदावर एक वक्र रेघ काढून दाखवली. गोड काही तोंडात गेलं की काही मिनिटांतच पीएच झपकन खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास ते तासभर लागतो. दिवसातून एकदा दोन चमचे साखर खाल्ली तर ही घसरण एकदा. तीच साखर पाच कपांत वाटली तर पाच वेळा, आणि मधल्या काळात लाळेला भरपाई करायला सवडच उरत नाही. दातासाठी किती गोड खाल्लं याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, किती वेळा खाल्लं हे मोजायचं असतं. गुळाचा चहा हा त्यावर उपाय नाही, जंतूंना गूळही चालतो.

मी गोड चहा सकाळच्या नाष्ट्यासोबत ठेवला. बाकीचे कप बिनसाखरेचे. पहिले काही दिवस ते पिववत नव्हते. आमचे चहावाले अण्णा तेलुगू भाषिक, दोन पिढ्या सोलापुरात, त्यांनी एक अक्षर न विचारता माझा कप वेगळा काढायला सुरुवात केली. त्यांचा मला फार आधार वाटला. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की दुसरी परीक्षा. लिंबू सरबत, सोडा, उसाचा रस. यांत साखरही आणि काहींत स्वतःचं आम्लही. टेबलावर बाटली ठेवून तासभर घोटघोट पिणं सगळ्यात वाईट. प्यायचंच तर जेवणासोबत, एका बैठकीत, आणि वर साधं पाणी. आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आम्लाने वरचा पापुद्रा मऊ झालेला असतो. अर्धा तास जाऊ द्यायचा.

आषाढीलाही हे लक्षात ठेवावं लागलं. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर, एकादशी घरोघरी. उपवास म्हणजे तोंडाला विश्रांती असं आपण समजतो, पण साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मधूनमधून गोड चहा या सगळ्याने दिवसभर जंतूंचं जेवण चालूच राहतं. मी त्या दिवशी दोनदाच खाते. भगर आणि दाण्याची आमटी, दही. तब्येतीलाही तेच बरं पडतं.

इतकं करूनही मध्येच एक आजारपण आलं. पावसाळ्यात तापाने अंथरुणाला खिळले. तोंड कोरडं, डोकं उचलवत नाही, ग्लुकोजचं पाणी आणि ओआरएस दिवसभर घोट घोट, वर खोकल्याचं गोड औषध रात्री झोपताना. बरी झाल्यावर दवाखान्यात गेले तेव्हा मॅडमनी नेहमीप्रमाणे दातांवर हवा मारून ते कोरडे केले. ओल्या दातावर सुरुवातीचा डाग दिसत नाही, पोकळ्यांत लाळ भरलेली असते. कोरडा केला की उठून दिसतो. डाव्या बाजूच्या त्याच छोट्या दातावर, हिरडीजवळ, पांढरी बारीक रेघ होती. मला रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, ही आत्ताच सुरू झालीय. थांबते ही." त्यांनी त्या जागेवर वार्निश लावलं, रात्रीसाठी ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं माउथवॉश दिलं आणि पुढच्या भेटी जवळ घेतल्या. रेघ चालू आहे की थांबली हे त्या प्रत्येक वेळी बघत. निस्तेज आणि खरखरीत असेल तर चालू, गुळगुळीत आणि चमकदार झाली तर थांबली. दोन-तीन भेटींनंतर ती चमकायला लागली. आता घरात कुणी आजारी पडलं आणि गोड औषध चालू असलं, की वर दोन घोट साधं पाणी मी आठवणीने देते. तारा असोत, नसोत.

ब्रेसेस काढताना दुखलं नाही. पक्कडीने ब्रॅकेट दाबून सोडवतात, चिकटवायचा मसाला दातावरच राहतो. तो काढायला टंगस्टन कार्बाइडचं बर, म्हणजे घासून काढणारं छोटं फिरतं टोक वापरतात, आणि इथेही एनॅमल जपावं लागतं, कारण मसाल्याचा रंग दातासारखाच असतो. मॅडम मधेमधे दात कोरडे करून बघत होत्या, कुठे मसाला आहे आणि कुठे दात सुरू होतो. हे काम त्यांनी घाई न करता केलं. शेवटी पॉलिश. जीभ फिरवली तर दात बुळबुळीत लागले.

दात चौकटींशिवाय निघाले. ती एक रेघ आहे, उजेडात तिरकं पाहिलं तर मला दिसते. ती लगेच घालवायचा मी हट्ट धरला नाही. पहिले काही महिने लाळेला आपलं काम करू द्यायचं, त्यात असे डाग बऱ्याचदा फिके होतात. लगेच त्यावर तीव्र फ्लोराइडचा मारा केला तर वरचा थर घट्ट बंद होतो आणि आतली पोकळी तशीच राहून पांढरेपणा कायमचा अडकू शकतो, असं मॅडमनी सांगितलं. नंतरही खटकलीच तर त्या पोकळ्यांत पातळ रेझिन मुरवायची पद्धत आहे. दात कोरायचा नसतो, पांढरेपणा दिसेनासा होतो. बहिणीलाही मी त्यासाठी याच मॅडमकडे घेऊन जाणार आहे. तिला वाटत होतं की आता काहीच होऊ शकत नाही.

सध्या दात जागेवर राहावेत म्हणून रात्री पारदर्शक साचा, म्हणजे रिटेनर घालते आणि खालच्या दातांमागे एक बारीक तार कायमची चिकटवलेली आहे. त्या तारेखाली किटण धरतं, म्हणून फ्लॉसचा दोरा सुईसारख्या लूपने ओवून घालावा लागतो. रिटेनर तोंडात असताना पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. चहाचा घोट त्याच्या आत गेला तर तो दाताला लागूनच राहतो आणि लाळ तिथवर पोचत नाही. बाहेर काढला की साध्या थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा, गरम पाण्याने तो वाकडा होतो. सहा महिन्यांनी स्केलिंगची तारीख घेऊन ठेवली आहे.